शहरांतील भोजनगृह आणि शाकाहारी पाहुणा

परक्या शहरांत उतरलेल्या माणसाला पहिल्या दिवशीं जी अडचण पडते ती बहुधा जेवणाची असते. मुक्कामाची सोय कोठेंतरी होते, वाट विचारली म्हणजे सांपडते. परंतु भूक लागल्यावर अनोळखी हॉटेलाच्या दारांत उभें राहिलें, कीं ‘येथें आपल्याला चालेल असें कांहीं मिळेल काय?’ हा प्रश्न मनांत येतोच. ज्याला मांसाहार वर्ज्य आहे, त्याला तर हा प्रश्न तोंडानें विचारावा लागतो आणि तो विचारतांना चारचौघांत थोडें ओशाळें व्हावें लागतें. प्रश्न दिसतो लहान. तथापि गेल्या सव्वाशेंहून अधिक वर्षांचा आपला सामाजिक इतिहास पाहिला, तर या एका प्रश्नाच्या पोटीं दोन प्रश्न दडलेले आढळतात. एक, ‘तुम्ही काय जेवतां?’ आणि दुसरा, ‘तुम्ही कोणाच्या हातचें आणि कोणाच्या शेजारीं बसून जेवतां?’ पुष्कळ काळ आपल्याकडे हे दोन्ही प्रश्न एकच समजले जात. ते एकमेकांपासून वेगळे कसे होऊं लागले, याची हकीगत आज मी सांगणार आहें. आणि ती सांगण्यासाठीं आपणांस प्रथम मुंबईहून लंडनला जावें लागेल.

१८८८ सालीं, वयाचीं एकोणीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, मोहनदास करमचंद गांधी हे बॅरिस्टर होण्याच्या इच्छेनें राजकोटहून मुंबईस आले. घरून निघण्यापूर्वीं त्यांच्या मातोश्री पुतळीबाई यांनीं बेचरजी स्वामी या जैन साधूंसमक्ष त्यांजकडून तीन गोष्टींची शपथ घेवविली होती. मांस खावयाचें नाहीं, मद्य प्यावयाचें नाहीं आणि परस्त्रीस शिवावयाचें नाहीं, अशी ती शपथ होती. मुंबईस आल्यावर मात्र निराळेंच विघ्न उभें राहिलें. मोढ वाणी ज्ञातीची सभा भरली आणि ज्ञातीच्या शेटजींनीं या तरुणास बोलावून घेतलें. त्यांची हरकत अशी, कीं समुद्रपर्यटन धर्मांत निषिद्ध आहे, आणि विलायतेंत युरोपियन लोकांबरोबर खाणेंपिणें करावें लागत असल्यामुळें तेथें धर्म राहूंच शकत नाहीं. तरुणानें आपल्या शपथेचा दाखला दिला. परंतु शेटजींचें समाधान झालें नाहीं. ज्ञातीनें त्यास बहिष्कृत केलें आणि जो कोणी त्यास साहाय्य करील किंवा निरोप देण्यास धक्क्यावर जाईल, त्यास सव्वा रुपया दंड ठरविला.

या दोन मागण्यांतील भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. आईची मागणी ताटांतल्या अन्नापुरती होती. ज्ञातीची मागणी शेजारच्या पाटावर कोण बसतो, याविषयीं होती. मोहनदासांनीं आईचें मानलें आणि ज्ञातीचें मानलें नाहीं. ४ सप्टेंबर १८८८ रोजीं ‘क्लाइड’ नांवाच्या आगबोटीनें त्यांनीं मुंबई सोडली.

पण शपथ घेणें सोपें आणि ती परमुलखांत पाळणें अवघड, हें आगबोटीवरच कळून आलें. कांटे-चमचे कसे वापरावे तें ठाऊक नाहीं, इंग्रजी बोलण्याची भीड, आणि कोणत्या पदार्थांत मांस नाहीं हें वाढप्याला विचारण्याचें धैर्य नाहीं. परिणामीं हा तरुण जेवणाच्या टेबलाकडे फिरकलाच नाहीं. घरून बरोबर घेतलेली मिठाई व फळें यांवर आपल्या खोलींत बसून त्यानें गुजराण केली. लंडनमध्यें पोहोंचल्यावर एका बाईच्या घरीं पैसे देऊन राहण्याची सोय झाली. बाई मोठी मायाळू होती. परंतु शाकाहारी माणसास काय वाढावें, याचा तिलाही उलगडा होईना. सकाळीं ओटची लापशी मिळे, तेवढ्यानें पोट भरे; दुपारीं आणि रात्रीं मात्र भाजी, पाव आणि मुरंबा. पावाचे दोनतीन तुकडे संपले, कीं आणखी मागण्याची लाज वाटे. घरीं भरल्या ताटावर वाढलेला हा मुलगा त्या सुबत्तेच्या राजधानींत अर्धपोटीं राहूं लागला.

पुढें त्या बाईनेंच सांगितलें, कीं या शहरांत केवळ शाकाहारी लोकांसाठीं चालविलेलीं भोजनगृहें आहेत. मग रोज दहा-बारा मैलांची पायपीट सुरू झाली. वाटेंत एखाद्या स्वस्त उपाहारगृहांत शिरून पोटभर पाव खावा आणि पुन्हां शोधास लागावें, असा क्रम कांहीं दिवस चालला. शेवटीं फॅरिंगडन स्ट्रीट नांवाच्या रस्त्यावर तशी एक पाटी दृष्टीस पडली. हवी असलेली वस्तु अकस्मात् हातीं आल्यावर लहान मुलाला जसा आनंद होतो तसा आपणांस झाला, असें गांधीजींनीं आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे. दाराशीं कांचेच्या आड विकावयास पुस्तकें मांडलेलीं होतीं. त्यांत हेन्री सॉल्ट यांचें शाकाहाराचा पुरस्कार करणारें, १८८६ सालीं निघालेलें पुस्तक होतें. तें एक शिलिंगास विकत घेऊन ते आंत गेले आणि विलायतेंत पाऊल ठेविल्यानंतर प्रथमच पोटभर जेवले.

हें भोजनगृह तेथें आलें कोठून, हा प्रश्न सहज मनांत येतो. इंग्लंडांत मांस न खाणाऱ्या लोकांची संस्था १८४७ सालीं रॅम्सगेट या गांवीं स्थापन झाली होती. ख्रिस्ती दयाबुद्धि, प्रकृतीची काळजी, काटकसर, प्राण्यांविषयीं कळवळा, अशा निरनिराळ्या कारणांनीं लोक तींत येत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटल्या पंचवीस वर्षांत या चळवळींतून लंडनमध्यें अशीं अनेक भोजनगृहें निघालीं. तेथें जेवण स्वस्त असे. मसूर, वाटाणे, घेवडा यांचीं कालवणें, भाज्या, पाव, लापशी, फळें, खिरीसारखे गोड पदार्थ, असा बेत असे. कचेरीतले कारकून, दुकानांतले नोकर, विद्यार्थी असे बेताच्या प्राप्तीचे लोक तेथें येत. या चळवळीचें मद्यपाननिषेधाच्या चळवळीशीं निकटचें नातें असल्यामुळें तेथें बहुधा दारूही मिळत नसे. म्हणजे राजकोटच्या मातेनें घातलेल्या तीन अटींपैकीं दोन अटी त्या एका दारांतून आंत जातांच आपोआप पाळल्या जात.

त्या भोजनानंतर त्यांनीं सॉल्ट यांचें पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलें, आणि त्यांच्या मनांत मोठें स्थित्यंतर झालें. तोंवर ते मांस टाळीत होते तें आईला दिलेल्या वचनासाठीं. मनांतून त्यांना वाटे, कीं हिंदी लोकांनीं मांस खाऊन बलवान व्हावें आणि केव्हांतरी आपणही उघडपणें तसें करावें. पुस्तक वाचल्यावर हा विचार पालटला. जो आहार जन्मानें वांट्यास आला होता, तो त्यांनीं स्वतःच्या बुद्धीनें पुन्हां पत्करला. ज्या वस्तूचा अर्थ आपणांस घरीं कोणीं समजावून सांगितला नाहीं, ती परक्या देशांत परक्या माणसानें समजावून द्यावी, हा अनुभव त्या पिढींतील पुष्कळ हिंदी विद्यार्थ्यांना आला. येथें तो एका जेवणाच्या टेबलाशीं आला, एवढाच विशेष.

आतां हॉबर्न रेस्टॉरंटची गोष्ट. गांधीजींचा एक स्नेही त्यांच्या या ‘वेडा’मुळें चिंतेंत पडला होता. त्यानें एके दिवशीं त्यांस नाटकाला नेण्याचें ठरविलें, आणि नाटकापूर्वीं हॉबर्न येथील मोठ्या भोजनगृहांत जेवण्याचा बेत केला. तें गृह म्हणजे गांधीजींना राजवाडाच वाटला. इतक्या भपक्यांत हा भिडस्त मनुष्य कांहीं विचारणार नाहीं आणि वाढतील तें मुकाट्यानें खाईल, असा स्नेह्याचा अंदाज असावा. पहिलें वाढप सारासारख्या पातळ कालवणाचें आलें. तें कशाचें केलें आहे, हें स्नेह्यास विचारण्याचा धीर होईना, म्हणून गांधीजींनीं वाढप्याला खूण केली. स्नेह्याच्या तें लक्षांत आलें. ‘काय पाहिजे?’ म्हणून त्यानें दरडावून विचारलें, आणि कारण कळतांच तो संतापला. सभ्य लोकांत वागण्याची तुझी योग्यता नाहीं, तुला नीट वागतां येत नसेल तर दुसरीकडे कोठें जेव आणि बाहेर माझी वाट पाहा, अशा अर्थाचें तो बोलला. गांधीजी उठून बाहेर आले. जवळच एक शाकाहारी भोजनगृह होतें, पण तें बंद झालेलें होतें. त्या रात्रीं ते उपाशीं राहिले. नाटकाला मात्र मित्राबरोबर गेले, आणि झाल्या प्रकाराविषयीं दोघांपैकीं कोणीही अवाक्षर काढलें नाहीं.

मित्राच्या मनाला आपण लाज आणली, याची भरपाई करण्यासाठीं त्यांनीं मग साहेबी थाटाचा मार्ग धरला. एकोणीस शिलिंगांची उंच टोपी, बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांस शिवविलेला संध्याकाळचा पोषाख, नृत्याची शिकवणी, तीन पौंडांचें व्हायोलिन, वक्तृत्वाचे धडे, असा सगळा सरंजाम झाला. सुमारें तीन महिन्यांनीं हें वेड ओसरलें. पुढें त्यांनीं पैपैचा हिशेब ठेवण्यास आरंभ केला, गाडीभाड्याऐवजीं पायीं चालण्याचा परिपाठ ठेविला आणि सकाळ-संध्याकाळ खोलींत स्वतः लापशी व कोको करून, फक्त दुपारीं बाहेर जेवून, दिवसाचा खर्च एक शिलिंग तीन पेन्सांवर आणला. हा साधेपणा त्यांस शाकाहारी भोजनगृहांमुळेंच साधला, हें उघड आहे. बाहेरचें जेवण परवडेल आणि पचेल असें त्यांस दुसरीकडे कोठें मिळतें?

तरीही शाकाहारी पाटी पाहिली म्हणजे सारें निवांत झालें, असें मात्र नव्हतें. ‘मांस’ या शब्दाच्या व्याख्या तेव्हां इंग्लंडांत तीन होत्या. कोणी म्हणत, पशुपक्ष्यांचें तेवढें मांस, मासे चालतील. कोणी म्हणत, सर्व प्राण्यांचें मांस वर्ज्य, पण अंडीं चालतील. कोणी अंडीं आणि दूधही वर्ज्य मानीत. अंड्यांत जीवहत्या नाहीं, या युक्तिवादानें गांधीजीही अल्प काळ भुलले आणि त्यांनीं अंडीं खाल्लीं. नंतर त्यांनीं विचार केला, कीं शपथ देणाऱ्या आईच्या मनांत ‘मांस’ या शब्दाचा जो अर्थ होता, तोच मला बंधनकारक आहे. आणि आई अंड्याला मांसच समजे. त्यांनीं अंडीं सोडलीं. पण मग शाकाहारी भोजनगृहांतील कित्येक खिरी आणि केकही बाद झाले, आणि या पदार्थांत अंडें आहे काय, हें तेथेंही वाढप्याला विचारावें लागूं लागलें. फरक एवढाच, कीं आतां तो प्रश्न ते न लाजतां विचारूं शकत होते. तेथें असा प्रश्न विचारणें हा असभ्यपणा मानला जात नव्हता.

या भोजनगृहांनीं त्यांस अन्न दिलें, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माणसें दिलीं. लंडनच्या शाकाहारी मंडळाशीं त्यांचा परिचय झाला आणि १८९० सालीं त्या मंडळाच्या कार्यकारिणींत त्यांची निवड झाली. राहत्या बेजवॉटर भागांत त्यांनीं एक शाकाहारी क्लब काढला, डॉ. जोसाया ओल्डफील्ड अध्यक्ष, ‘लाइट ऑफ एशिया’ या बुद्धचरित्राचे कर्ते सर एडविन अर्नोल्ड उपाध्यक्ष आणि स्वतः गांधीजी चिटणीस. क्लब कांहीं महिनेच चालला. पण सार्वजनिक संस्था चालविण्याचा पहिला धडा त्यांनीं तेथें गिरविला. मँचेस्टरच्या ज्या सज्जनानें त्यांस बायबल वाचावयास सांगितलें, तोही त्यांस एका शाकाहारी खाणावळींतच भेटला. वैष्णव घरचा हिंदी मुलगा आणि ख्रिस्ती गृहस्थ एका टेबलाशीं बसत. एकमेकांचा पंथ कोणता हें विचारण्यापूर्वीं त्यांचें अन्न एक झालेलें असे.

आतां, श्रोतेहो, त्याच वर्षीं आपल्या पुण्यांत काय चाललें होतें तें पाहूं. १४ ऑक्टोबर १८९० रोजीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानास गेली होती. न्यायमूर्ति रानडे आणि लोकमान्य टिळक हेही त्यांत होते. कार्यक्रम आटोपल्यावर मिशनच्या लोकांनीं चहा पुढें केला. कोणी तो घेतला, कोणी पेला हातांत घेऊन तसाच खालीं ठेविला. पुढें गोपाळराव जोशी यांनीं तेथें जमलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करविलीं आणि शहरांत मोठें ग्रामण्य माजलें. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी नेमली गेली, प्रायश्चित्तें ठरलीं. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनींही पुढें प्रायश्चित्त घेतलें आणि त्यांच्या सुधारक मित्रांस त्याचा फार विषाद वाटला.

या सर्व वादांत त्या पेल्यांत काय होतें, याची पंचाईत कोणीं केली नाहीं. चहा, दूध, साखर. शाकाहारी माणसानें हरकत घ्यावी असें त्यांत कांहींच नव्हतें. हरकत होती ती पेला देणाऱ्या हाताला. लंडनमधील शाकाहारी टेबलावर पहिला प्रश्न विचारला जात होता, पुण्यांतील चहाच्या पेल्यावर दुसरा. वर्ष मात्र एकच, १८९०. आणि आपण आपल्या सोवळ्याला ‘शुद्ध आहार’ म्हणतों तेव्हां या दोहोंपैकीं आपल्या मनांत कोणता अर्थ असतो, हें प्रत्येकानें स्वतःला विचारून पाहावें असें मला वाटतें.

१८९१ च्या जून महिन्यांत गांधीजी बॅरिस्टर झाले. परत निघण्यापूर्वीं त्यांनीं आपल्या शाकाहारी मित्रांना निरोपाचें जेवण दिलें. तें कोठें दिलें असेल? शाकाहारी भोजनगृहांत तें सहज झालें असतें. परंतु मांसाहारी भोजनगृहांतही शाकाहारी जेवण कां मिळूं नये, असा विचार करून त्यांनीं तें त्याच हॉबर्न रेस्टॉरंटमध्यें ठरविलें, जेथून त्यांस एका पातळ कालवणापायीं उठून जावें लागलें होतें. व्यवस्थापकाशीं आधीं बोलणें करून सर्व बेत शाकाहारी करविला. भाषणाची तयारी केली होती. एक विनोदी आख्यायिकाही योजून ठेविली होती. उभे राहिल्यावर मात्र पहिल्या वाक्यापुढें कांहीं आठवेना. आमंत्रणास मान दिल्याबद्दल मंडळींचे आभार मानून ते खालीं बसले. बोलण्याची भीड त्या दिवशींही गेली नव्हती. पण ज्या घरांत एकदां प्रश्न विचारणें गुन्हा ठरलें होतें, त्याच घरानें त्यांच्या मित्रांसह त्यांस त्यांना हवें तें अन्न आदरानें वाढलें होतें.

मुंबईस परतल्यावर पुन्हां ज्ञातीचा प्रश्न उभा राहिला. थोरल्या बंधूंनीं त्यांस नाशिकास नेलें, गोदावरींत स्नान घडविलें आणि राजकोटास पोहोंचल्यावर ज्ञातिभोजन घातलें. तीन वर्षें परमुलखांत राहून ज्यानें आईचें वचन कसोशीनें पाळलें, त्यास शुद्ध करून घ्यावें लागलें, कारण तो परक्यांच्या पंक्तीस बसला होता! ज्ञातींतील एका तटानें त्यांस परत घेतलें, दुसऱ्या तटानें बहिष्कार चालूच ठेविला. त्या तटांत त्यांच्या सासुरवाडीचीं माणसें होतीं. तीं मंडळी गुपचूप पाणी देण्यास तयार असत. परंतु जें उघडपणें करतां येत नाहीं तें चोरून करावयाचें नाहीं, म्हणून गांधीजी तेथें पाणीही पीत नसत.

आफ्रिकेंत गेल्यावर जोहान्सबर्ग येथेंही त्यांची बैठक शाकाहारी उपाहारगृहांतच असे. आल्बर्ट वेस्ट हे इंग्रज मुद्रक रोज तेथें भेटत. १९०४ सालीं प्लेग आला आणि गांधीजी रुग्णांच्या शुश्रूषेंत गुंतल्यामुळें टेबलावर दिसेनासे झाले, तेव्हां वेस्ट त्यांचा दरवाजा ठोठावीत आले आणि आपणही शुश्रूषेस येतों म्हणाले. गांधीजींनीं त्यांस दरबानचा छापखाना संभाळावयास पाठविलें. हेन्री पोलॉक यांची ओळखही अशाच उपाहारगृहांत झाली. त्यांनीं प्रवासांत वाचावयास दिलेल्या रस्किनच्या पुस्तकामुळें त्याच वर्षीं फीनिक्सची वसाहत निघाली, हें प्रसिद्धच आहे.

हें सारें वाचतांना दुसऱ्या एका महापुरुषाची आठवण टाळतां येत नाहीं. अमेरिकेंत व इंग्लंडांत शिक्षण घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ सालीं बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. परदेशांतील वास्तव्यांत आपण अस्पृश्य आहोंत याची जाणीवच आपल्या मनांतून पुसली गेली होती, असें त्यांनीं लिहिलें आहे. बडोद्याच्या स्टेशनावर उतरतांच ती परत आली. हिंदु उतारूंच्या निवासांत जागा मिळण्याची आशा नव्हती. एका पारशी विश्रामगृहांत दुसऱ्या नांवानें राहावें लागलें, आणि अकराव्या दिवशीं हातांत काठ्या घेतलेल्या मंडळींनीं येऊन त्यांस बाहेर काढलें. गांधीजींना हॉबर्नमधून उठावें लागलें तें ते काय खात नाहींत म्हणून. आंबेडकरांना बडोद्यांत बाहेर पडावें लागलें तें ते कोण आहेत म्हणून. पहिल्या अपमानाला जवळपास दुसरें एखादें भोजनगृह हा उपाय असतो. दुसऱ्या अपमानाला तेवढा उपाय पुरत नाहीं.

आपल्या शहरांतील भोजनगृहांचा इतिहासही या दोन प्रश्नांच्या ओढाताणींतून घडला आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामास आलेले कोंकणचे आणि घांटावरचे लोक कुटुंब गांवीं ठेवून येत आणि एखाद्या बाईच्या खाणावळींत महिनेवारीनें जेवत. त्या खाणावळींची पंगत बहुधा एका ज्ञातीची किंवा एका मुलखाची असे. पांढरपेशांसाठीं जीं उपाहारगृहें निघालीं, त्यांच्या पाटीवरही आंतील पदार्थांआधीं आचाऱ्याची जात दिसे. दादरला १९१० सालीं मामा काणे यांनीं जें प्रसिद्ध उपाहारगृह काढलें, त्याच्या मूळच्या नांवांतच ‘दक्षिणी ब्राह्मणाचें स्वच्छ’ असे शब्द होते. त्यांत काण्यांचा दोष नाहीं. गिऱ्हाइकाला तेंच आधीं वाचावयाचें असे. रेल्वेच्या स्टेशनांवर ‘हिंदु पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा आरोळ्या होत, आणि दक्षिणेंतील कित्येक उपाहारगृहांत ब्राह्मणांना बसावयास वेगळी जागा असे. १९४२ सालीं ए. रामा नायक यांनीं माटुंग्यास उडुपी पद्धतीची खाणावळ काढली, त्या सुमारास मात्र शहराची चाल पालटूं लागली होती. गर्दीच्या वेळीं मोकळी दिसेल त्या खुर्चीवर बसणें भाग पडे, आणि शेजारी कोण हें पाहण्यास घड्याळ सवड देत नसे.

जें घड्याळानें अर्धवट केलें, तें कायद्यानें पुरें करावयास घेतलें. २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें आणि हॉटेलें यांचीं दारें धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणाही नागरिकास बंद करतां येणार नाहींत, असें स्पष्ट लिहिलें गेलें. १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या कायद्यानें ती पाळणाऱ्यास शिक्षा सांगितली. पहिला प्रश्न विचारण्याचा हक्क मात्र कोणींही काढून घेतला नाहीं. उलट पुढें वेष्टनांतल्या शाकाहारी पदार्थावर हिरवा ठिपका छापणें आवश्यक झालें. ‘काय आहे?’ याचें उत्तर ठिपक्यानें द्यावें आणि ‘कोण आहे?’ हें कोणीं विचारूंच नये, अशी ही व्यवस्था आहे.

व्यवस्था झाली, पण संवय सुटण्यास वेळ लागतो. मी शाळेंत शिकवीत असतांना एकदां मुलांची सहल घेऊन परगांवीं गेलों होतों. एका लहानशा शाकाहारी खाणावळींत पंधरा-वीस मुलांचें जेवण सांगितलें. मालकानें पानें मांडण्यापूर्वीं सहज विचारल्यासारखें करून मुलांचीं आडनांवें विचारलीं. मीं ‘सगळीं आमच्या शाळेचीं’ एवढेंच उत्तर दिलें. त्यानें पुढें कांहीं म्हटलें नाहीं आणि सर्वांना सारखेंच वाढलें. परत येतांना गाडींत एका मुलानें मला विचारलें, ‘गुरुजी, आपण तर वरणभातच मागितला होता, मग त्यांनीं आडनांवें कशाला विचारलीं?’ त्या मुलाला कारण ठाऊक होतें, हें त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलें. मी स्वतः जन्मानें शाकाहारी आहें आणि त्या पाटीच्या भरंवशावरच मुलांना तेथें घेऊन गेलों होतों. मला त्या वेळीं नीट उत्तर देतां आलें नाहीं. मीं विषय बदलला, आणि ती चूक मला अजून लागते.

आज मी त्याला एवढेंच सांगेन. बाबा रे, काय खावें आणि काय खाऊं नये, हें ज्यानें त्यानें ठरवावें. तें कोणाही वाढप्याला मोकळेपणानें विचारावें. आणि मनास येईल तें न मिळाल्यास, त्या विद्यार्थ्याप्रमाणें एक रात्र उपाशीं राहावें, त्यांत कमीपणा नाहीं. पण पाटीवर ‘शाकाहारी’ लिहून आंत आडनांव विचारणें, हा त्या शब्दाचा अपमान आहे. फॅरिंगडन स्ट्रीटवरच्या त्या दारांतून आंत शिरतांना अठरा-एकोणीस वर्षांच्या त्या परक्या मुलाला कोणीं नांव विचारलें नाहीं, जात विचारली नाहीं. त्यानें शिलिंग देऊन पुस्तक घेतलें, रिकामी खुर्ची पाहिली आणि तो जेवावयास बसला. आपल्या गांवच्या प्रत्येक भोजनगृहांत प्रत्येक मुलाला इतक्याच सहजतेनें बसतां यावें, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.